माळावरचा ट्रक

मांडवगण फराट्याचे रखमाजी स्वतःच्या ट्रकबद्दल बोलू लागले, की ऐकणाऱ्याने आधी चहा संपवून घ्यावा. मध्ये उठता येत नाही. ट्रक जुना, सगळी मेंढरं विकून घेतलेला. तीन वर्षांपासून त्यात निम्मं डिझेल आणि निम्मं बायोडिझेल पडतं. ते यवतजवळ एकजण ढाब्यांच्या तळून उरलेल्या तेलापासून बनवतो. धूर कमी झाला आणि धुराने खोकून बेजार होणाऱ्या गिताबाई पुन्हा नवऱ्याशेजारी केबिनमध्ये बसू लागल्या. बायोडिझेल आवडण्याचं खरं कारण हे. रखमाजी ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

थंडीत हे तेल खोबरेलासारखं थिजतं. त्यावर रखमाजींची युक्ती होती. त्याच मिश्रणाची बाटली रात्रभर घराच्या खिडकीत ठेवायची आणि सकाळी गढूळ दिसली, तर टाकीत डिझेल वाढवायचं. या युक्तीचा त्यांना कोण अभिमान!

यंदा मात्र बाटली स्वच्छ असूनही ट्रक दोनदा रस्त्यात बंद पडला. फिल्टर थिजलेल्या तेलाने तुंबलेला. बागायतदार पोपटरावांचा फ्लॉवर दोन्ही वेळा पुण्याच्या बाजारात उशिरा पोचला.

"रखमाजी, उद्याची शेवटची खेप," पोपटराव म्हणाले. "न्हाई जमलं तर दुसरी गाडी लावतो. न्हाईतर निव्वळ डिझेल घाला की!"

निव्वळ डिझेल म्हणजे गिताबाई घरी. रखमाजी दुपारी जेवेनात. "बाटली खोटं बोलत न्हाई," एवढंच घोकत बसले.

गिताबाईंनी ताट पुढे सरकवलं. "बाटली घरात, ट्रक यंदा रातभर वढ्याच्या तळात. थंडीत मेंढरं कवा तळात बसिवली होती का तुम्ही?"

 थंडीत वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रखमाजींनी जन्मभर माळावरच लावली होती. गारठा तळात साचतो, हे त्यांना दुसऱ्याने सांगावं? स्वतःचाच राग आला त्यांना. मग ते पोटभर जेवले.

संध्याकाळी फ्लॉवर भरून ट्रक माळावर चढला. बाटली घराऐवजी ट्रकच्या आरशाला टांगली.

पहाटे पोपटराव आले, ते रिकामा टेम्पो सोबत घेऊनच. तळात धुकं दाटलेलं, वर बाटली लख्ख. ट्रक निघाला आणि टेम्पो मागोमाग, बंद पडेल तिथे माल उचलायला. न्हावरा गेलं. तळेगाव ढमढेरे मागे पडलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

फोन वाजला. "टेम्पो माघारी धाडला," पोपटराव म्हणाले. "काय औषध घातलंत ओ?"

"मालकिणीला इचारा," म्हणत रखमाजींनी फोन गिताबाईंकडे दिला.

"औषध कशाचं, पोपटराव! ह्ये मेंढके हायत, त्ये ह्यांना आठवलं."

रखमाजी काच खाली करून मोठ्याने हसले. बाहेरचा वारा आत आला, ट्रकचा थोडा धूरही आला. गिताबाईंना खोकला आला नाही.