नाचणारं चर्च

आमची सेरवा गेली. घानातल्या आमच्या कुमासीत लोक तिला अजून "ढोल थांबवणारी" म्हणतात, म्हणून झालं ते सांगतो.

आमच्या चर्चचा वरचा सज्जा तिनेच आखलेला. खाली खांब नको, मी सगळ्यांना दिसलो पाहिजे, हा पाद्रीचा हट्ट. पाद्री म्हणजे आमचा बादूमामाच. सेरवा इंजिनियर. सज्जा किती भार पेलेल हे तपासताना कॉम्प्युटरने विचारलं, लोक कशाला जमणार? तिने यादीतलं 'चर्च' निवडलं. सगळं हिरवं आलं. हिरवं म्हणजे पास.

पहिल्याच रविवारी दानाची वेळ झाली, ढोल सुरू झाले. वरचे सगळे पांढरे रुमाल फिरवत नाचायला लागले. सेरवा खाली बसलेली. बघते तर सज्ज्याखाली टांगलेला बंद पंखा हलतोय, म्हणजे सज्जाच हलतोय. ढोलाच्या ठेक्यावर. दर ठोक्याला जास्तच.

तिला चूक उमगली. यादीतलं चर्च परदेशातलं! तिथली माणसं बाकावर गप बसतात. आपले नाचतात हे तिने कॉम्प्युटरला सांगितलंच नव्हतं.

ओरडली तर सगळे एकदम जिन्यावर धावणार, चेंगरून मरणार. ती उठली, नाचत नाचतच पुढे गेली आणि ढोलावर दोन्ही हात दाबून ठेवले.

"अगं बाई, सैतान शिरला का अंगात?" यामोआ ढोलवाला खेकसला.

"शिरलाय. वाजवू नकोस."

"सेरवा! देवाचं दान अडवतेस?" मामा माईकवरून कडाडला.

तिने माईक हिसकावला. "वरच्यांनो, आहात तिथंच बसा. मामा आज लांबण लावणार आहेत."

लोक हसले. बसले.

"आता एकेक बाक हळू खाली या. आज्या आधी."

"आज्या कुणाला म्हणतेस गं?" वरून एक म्हातारी.

"बरं, तरण्या पोरी आधी!"

मामा तिच्या कानाशी लागला, "माझी अब्रू घालवलीस."

"हिशोब माझा चुकलाय मामा. माणसं उतरू द्या."

शेवटचा उतरेपर्यंत ती जिन्याशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सज्ज्याचं भिंतीजवळचं प्लास्टर फोडलं, आत चीर निघाली, नख जाईल एवढी. तिने नाच धरून परत हिशोब केला. सगळं लाल. मग दोन खांब उभे केले. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर म्हणाली, मशीनचा दोष नाही, निवड माझी चुकली.

वर्षभर कुणी काम दिलं नाही. नंतर कुणीही नकाशा आणला की ती आधी विचारायची, "इथं लोक बसणार की नाचणार?" दवाखानेवालेसुद्धा हसायचे. उत्तर मिळेपर्यंत ती कॉम्प्युटरला हात लावत नसे.