कोपऱ्यातलं प्रमाण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या हायस्कूलच्या गणिताच्या बाईंचे. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, आई घरी सुताच्या कांड्या भरायची. पदवी म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी भरला, आणि पहिल्या दिवशी कोल्हापूरच्या एसटीत माझ्या शेजारी त्याच बसल्या.

नववीत त्यांनी सगळ्यांना घरातल्या एका माणसाच्या दिवसाचा वृत्तालेख काढायला सांगितला होता. एका तासाला पंधरा अंश. मी वडिलांचा दिवस काढला, पण शेवटचा भाग वर्तुळात मावेना. बाईंनी कोनमापक लावून बेरीज केली, तर तीनशे पंचाहत्तर.

"काय रं, तुझ्या बापाचा दिवस पंचवीस तासांचा हाय व्हय?"

वर्ग हसला. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "बाईंना सांग, बरोबर हाय म्हणून." दुसऱ्या दिवशी मी खरंच तसं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मला बाकावर बसवून त्यांनी तो वृत्तालेख परत काढून घेतला. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर रोज तासभर त्या मला शिकवू लागल्या.

स्तंभालेख, आयतालेख, रेषालेख, सगळं त्यांनी हातानं काढायला शिकवलं. पेन्सिलीला टोक हवं, दोन स्तंभांतलं अंतर सारखं हवं. पण त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर असायचा. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नसेल, तर आलेख कितीही देखणा असो, त्या अख्खा आलेख खोडायच्या. "प्रमाण न्हाय तर चित्र काढलंस, आलेख न्हाय." आज मी एका शाळेत गणित शिकवतो आणि हेच वाक्य वापरतो. वापरत होतो.

निवृत्तीनंतर बाई कोल्हापुरात मंगळवार पेठेत थोरल्या बहिणीकडे राहायला आल्या. साखरेनं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं धरली. दर महिन्याला रक्त तपासायचं. रिपोर्ट मी आणायचो. आकडा ऐकायला त्या तयार नसत. "एकटा आकडा नुसता घाबरवतो. तू काढ. मला रेघ कुठं चाललीय ते बघू दे." मग मी आलेख कागदावर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं बिघडतील तसा चढणाऱ्या आकड्याचा, बिंदू द्यायचो आणि काळ्या जाड स्केचपेननं रेघ पुढं न्यायचो. त्यांना तेवढीच दिसायची, तीही कागद नाकाशी धरून, बोट फिरवत. बोट थांबलं की विचारायच्या, "प्रमाण?" मी म्हणायचो, "चार सेंटिमीटरला एक." हे दर महिन्याला व्हायचं.

सहाच्या वर आकडा गेला त्या महिन्यात कागद संपला. अशा वेळी काय करायचं हे त्यांनीच शिकवलं होतं: वर दुसरा कागद चिकटवायचा. मी चिकटवला नाही, नवाच कागद घेतला. एका सेंटिमीटरला एक असं प्रमाण धरलं, त्यावर शेवटचे तीनच महिने काढले, आणि कोपरा कोरा ठेवला. विसरलो नव्हतो. गेल्या महिन्यात कागदाच्या माथ्याला टेकलेली रेघ आता खाली, जवळजवळ आडवी दिसत होती.

बाईंनी बोट वरून फिरवत आणलं. वर काही सापडेना. बोट खाली आलं आणि थांबलं.

"अगं आक्का, खाली आली की रेघ!"

थोरल्या बहिणीनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "मग आज शिरा करते की बिनसाखरेचा. तू खा आणि नावं ठेव."

दोघी किती दिवसांनी हसत होत्या. प्रमाण काय, हे बाईंनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं की डायलिसिस लागणारच, त्याची सुई टोचायला हाताच्या शिरा जोडायचं छोटं ऑपरेशन आताच करून ठेवू, तो हात तयार व्हायला वेळ लागतो. रिक्षात बाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणणारच. रेघ उतरलीय. बघू पुढच्या महिन्यात." मी रस्त्याकडं बघत बसलो. पुढचे दोन महिने त्याच कागदावर बिंदू देत राहिलो.

तिसऱ्या महिन्यात सकाळी त्यांना श्वास घेता येईना. हात तयार नव्हता, म्हणून डायलिसिससाठी मानेत नळी घातली. नळीतून जंतुसंसर्ग झाला. आता त्या उठून बसू शकत नाहीत. परवा वॉर्डाबाहेर थोरली बहीण मला म्हणाली, "ही सारखी एकच बोलतीया. रेघ उतरली होती आणि मी एकदा पथ्य मोडून केळं खाल्लं, त्यानंच घात केला म्हणती. आता अन्नाला तोंड लावत न्हाय. तू सांग की तिला काहीतरी, तुझं ऐकती."

मी आत गेलो. त्यांच्या उशाशी उभा राहिलो आणि परत आलो. घरी येऊन पत्र लिहिलं. पोस्टात टाकलं, कारण हातात घेऊन गेलो असतो तर तसंच खिशात घालून परत आलो असतो.

बाईंना सा. न.

हे पत्र आक्का वाचून दाखवतील. आक्का, मधे थांबू नका.

बाई, रेघ उतरली नव्हती. कागद संपला तेव्हा मी प्रमाण बदललं आणि कोपरा कोरा ठेवला. त्या महिन्यात सहा पूर्णांक तीन दशांश होते. नंतर सात पूर्णांक एक दशांश, मग आठ पूर्णांक दोन दशांश. हे मला माहीत होतं. रिक्षातही माहीत होतं.

केळ्यामुळं काही झालेलं नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हाताचं ऑपरेशन राहिलं ते माझ्यामुळं. तुम्ही प्रमाण का विचारलं नाहीत, हे मी कधी विचारणार नाही.

सोबत आलेख पाठवला आहे. पहिल्या महिन्यापासून सगळे बिंदू पुन्हा काढलेत. वर दुसरा कागद चिकटवला आहे. रेघ शेवटपर्यंत वरच जाते. आक्कांना तुमचं बोट धरून फिरवायला सांगा. उजव्या कोपऱ्यात लिहिलं आहे: चार सेंटिमीटरला एक.

जेवा, बाई. एवढंच मागतो. मला माफ करा असं लिहायला बसलो होतो, पण ते लिहिता आलं नाही.

तुमचा विद्यार्थी