भुजंगच्या वजनाचं पोतं

काकासाहेबांच्या बैलांचे पाय ज्या साली सुटले, त्याच साली धर्मराजचं पोट सुटलं.

बैल दोन होते, बिजल्या आणि मोऱ्या. टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत असे बैल कोणी पाहिले नव्हते. पळायला लागले की त्यांच्या खुरांखालची काळी माती उडायची नाही, मागं फेकली जायची. आणि त्यांना शंकरपटात पळवायचा मान धर्मराजचा होता. शर्यतीची जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. पटाचा छकडा नावालाच असतो. दोन चाकं, एक दांडी, बसायला हातभर फळी. बैल ओढतात ते खरं म्हणजे त्या माणसालाच. म्हणून धुरकरी काटकुळा लागतो. पण दोन उधळलेले बैल एका रेषेत ठेवायचे तर मनगटात लोखंड लागतं. हलकेपणा आणि ताकद एका अंगात फार काळ नांदत नाहीत. धर्मराजच्या अंगात ती दोन्ही बरीच वर्षं नांदली. बाप काकासाहेबांच्या वाहितीवर राबलेला, पोरगा बैलांच्या दावणीतच मोठा झालेला. चालायच्या आधी कासरा धरायला शिकला, असं त्याची आई सांगायची.

मग त्याच्या बायकोला, चतुराबाईला, पटकीनं धरलं. गावात रोज कोणी ना कोणी जात होतं. तिचे डोळे खोल गेले, हातापायांना गोळे यायला लागले, तेव्हा धर्मराजनं देवळासमोर उभं राहून शब्द दिला, ही वाचू दे, मी मांस सोडतो. ती वाचली. त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली.

मटन सुटलं. भूक सुटली नाही. पूर्वी वाटीभर रश्श्यावर त्याचं भागायचं. आता भाकरीवर भाकरी, तिच्यावर तूप-गूळ, आणि जिथं भजन असेल तिथली लापशी. माळकरी म्हणून लोक त्याला आग्रह करून वाढायचे. बघता बघता त्याचं अंग पिठाच्या गोळ्यासारखं फुगलं. हात मात्र तेच राहिले.

कापूस विकायचे दिवस होते. निजामाच्या मोगलाईत त्या साली कापूस बरा पिकला होता आणि काकासाहेबांच्या खळ्यात मोठा काटा टांगलेला होता. काकासाहेब म्हणजे गावचे मोठे जमीनदार. बोलणं गोड, पण माणसाकडं बघताना आधी त्याचा उपयोग बघायचे. त्यांनी धर्मराजला हाक मारली.

"धर्मा, बैलं तुला वढतेत का तू बैलांला?"

"मालक, हात बघा. पोट काय बघता?"

"हात त्या पोटावरच बसून राह्यलेत, त्येला कुठं सोडून येशील?"

खळ्यातली माणसं हसली. काकासाहेबांनी भुजंगला पुढं बोलावलं. हा त्यांच्याकडंच राबणारा, विशीतला, कापसाच्या वाळल्या पळाटीसारखा गडी. दोन वर्षांपासून तो धुरेवर, म्हणजे धुरकऱ्याच्या जागेवर, डोळा ठेवून होता. त्याला काट्याच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात पोतं ठेवून त्यात नदीची कोरडी वाळू भरत गेले. काटा सरळ झाला, तसं पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं.

"हे पोतं इथंच राहील," काकासाहेब म्हणाले. "पटाच्या सकाळी तू ह्येच्याबराबर बसायचं, धर्मा. तुझं पारडं खाली गेलं तर धुरा भुजंगची. बिलकुल तक्रार चालायची न्हाई."

"बसतो की."

"आन् ऐक. भाकर सोड, मटन खा. अंग उतरतं, ताकद राह्यते. आमच्या पहिल्या धुरकऱ्यानं तसंच केल्तं. माळ पट होईस्तोवर खुंटीला लाव. देव काय काट्यावर बसलाय का?"

धर्मराजनं माळेवर हात ठेवला. "गळ्यात माझ्या हाय मालक, पन जीव चतुराचा हाय तिच्यात. ते सोडून बोला."

बोलून आला खरा. घरी मात्र त्याला सुचेना. माणसाचं वजन घालवायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बाकीच्यांचं न शिकवताच जायचं. मग त्यानं धार्मिक माणसाला सुचेल तेच केलं. उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, एकादशी होतीच. आणि उपास म्हणजे उपासाचं खाणं. भगरीचा डोंगर, त्यावर शेंगदाण्याची तुपातली आमटी, गुळात शिजवलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. पोटाला तडस लागेपर्यंत तो उपाशी राहायचा.

काही आठवड्यांनी मोठ्या ऐटीत जाऊन तो पारड्यात बसला. पारडं जमिनीला टेकलं. समोरचं पोतं वर जाऊन लोंबकळायला लागलं, जणू भुजंगच वरून बघत होता.

"देव पावला गड्या तुला," भुजंग म्हणाला. "चांगला भरून पावला."

त्या दिवसापासून धर्मराज चिडला. स्वतःवर चिडलेला माणूस पहिल्यांदा पोटाला मारतो. त्यानं सगळंच बंद केलं. पाणी, आणि दिवसाकाठी एक रताळं. अंग भराभर उतरायला लागलं. गालाची हाडं वर आली. पोतं आता फार दूर राहिलं नव्हतं. तो खूश होता, पण ती खुशी तापातल्या माणसाची होती, डोळे चमकत होते आणि गुडघे थरथरत होते. सरावाला त्यानं बैल जुंपले, आरोळी दिली. मोऱ्याला डाव्या अंगाला फुटायची खोड होती. एरवी धर्मराज नुसतं मनगट वळवून त्याला आत घ्यायचा. त्या दिवशी त्यानं मनगट वळवलं आणि मनगटानं ऐकलंच नाही. कासरा बोटांतून ओल्या दोरीसारखा निसटला. तो फळीवरून मागं पडला, तोंडात माती गेली. रिकामा छकडा घेऊन बैल हरभऱ्याच्या शेतात शिरले.

पडल्या पडल्या त्यानं आपल्या तळहातांकडं पाहिलं. पोट राहिलं होतं आणि हात गेले होते. बरोबर उलटं झालं होतं.

चतुराबाई त्याला आणायला गेली तेव्हा तो बैलांच्या गोठ्यात दावणीला टेकून बसला होता. तिनं त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसली. समोर बिजल्या आणि मोऱ्या घमेल्यात तोंड घालून खात होते. भिजवून मोड आणलेले हुलगे, म्हणजे कुळीथ. ती बराच वेळ बघत राहिली.

"आवं, ह्ये बैलं बारीक हायेत का जाड?"

"आं?"

"इचारते ते सांगा."

"पटाचा बैल हाय. बारीकच. हाडावर नुसती ताकद."

"मंग ह्येंला कुनी उपास धराय लावलाय का? पेंड बंद केली, सरकी बंद केली, कडबा मोजका केला. पन हुलगे दिऊन राह्यलेच ना? जे चरबी करतंय ते काढलं, जे कस धरतंय ते ठिवलं. बैलाचं एवढं कळतंय तुम्हाला, आन् सोताच्या टायमाला अक्कल कुठं जाती?"

धर्मराजनं घमेल्याकडं पाहिलं. "मंग मी काय बैलाचं खाऊ?"

"खा. बैलाला न्हाई लाज वाटत."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातलं ताट उलटं झालं. आमच्या मुलखात जेवण म्हणजे भाकरी. बाकी सगळं भाकरी खाली ढकलायला असतं. चतुराबाईनं भाकरी केली ती पापडाएवढी पातळ, आणि तीही एकच. तिच्याशेजारी मोठं वाडगं. कधी मोडाची मटकी, कधी हुलगे, कधी मूग. तेल नावाला. संध्याकाळी तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लोणी काढून घेतलेलं तांब्याभर ताक. सकाळी रानात जाताना भिजवलेल्या हरभऱ्याची मूठ. गूळ तिनं माळ्यावर टाकला आणि शिडी शेजारच्या साळूबाईकडं नेऊन ठेवली.

पहिले दिवस वाईट गेले. वाडगं संपायचं, पोट भरलेलं असायचं, तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. भाकरीशिवाय त्याच्या जबड्याला करमायचं नाही. तो रिकाम्या टोपल्याकडं बघत बसायचा. पोटात वारा धरायचा आणि मग तो वारा सुटायचा.

"चतुरे, मी रातच्याला बाहीर झोपतो."

"झोपा. बैलाजवळ झोपा. तेबी हुलगेच खातेत, त्येंला काय वाटनार न्हाई."

मग तिनं वरणात ओवा घालायला सुरुवात केली आणि तो घरात झोपायला आला.

साळूबाईला हे सगळं शिडीपासूनच संशयास्पद वाटत होतं. पाणवठ्यावर ती चतुराबाईला म्हणाली, "नवऱ्याला एका भाकरीवर ठिवती म्हनं. जवारी संपली असंल तर पायलीभर नेय की. गावात काय बोलून राह्यलेत ठाव हाय का? बैलाच्या घमेल्यात जेवतो म्हनतेत."

"घमेलं न्हाई, वाडगं हाय," चतुराबाई म्हणाली. "घमेलं लहान पडतंय."

पण रात्री तिला ते बोलणं टोचलं. ज्या बाईच्या दारात भाकरीची थाप कमी ऐकू येते, त्या बाईबद्दल गाव काय समजतं ते तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पूर्वीइतक्याच भाकऱ्या थापल्या, खणखणीत आवाज करत. त्याची एक त्याला दिली, दोन स्वतः खाल्ल्या, बाकीच्या दारात उभं राहून सगळ्यांच्या देखत कुत्र्याला आणि वाटसरूला घातल्या. आवाज सगळ्या आळीनं ऐकला.

आणि काहीतरी व्हायला लागलं. धर्मराजला ते आधी हातात कळलं. मोटेचा सोलदोर ओढताना खांद्यापासून मनगटापर्यंत एक तार ताणली गेल्यासारखी वाटली. धोतराची गाठ रोज थोडी मागं सरकत होती. थुलथुलीत पोटाच्या आत कुठंतरी जुनं, कठीण पोट होतं, ते भुईमुगाच्या दाण्यासारखं टरफलातून वर येत होतं. त्याला झोपेतून उठल्या उठल्या पळावंसं वाटायचं. तो बैलांच्या बरोबर बांधावरून पळायचा. सरावाला मोऱ्या डावीकडं फुटला, त्यानं मनगट वळवलं, आणि मोऱ्या आत आला. धर्मराज एकटाच, वाऱ्यात, दात दाखवून हसला.

पटाची सकाळ उजाडली तेव्हा थंडी होती आणि मैदानाच्या कडेनं माणसांचा नुसता गलका होता. काकासाहेबांचा काटा बाभळीला टांगला होता. एका पारड्यात ते पोतं. धर्मराजनं पागोटं काढलं, बंडी काढली, हातातलं चांदीचं कडं काढलं, धोतर सोडून लंगोटावर आला आणि पारड्यात बसला.

काटा हलला. पोतं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. धर्मराजचं पारडं बोटभर खाली येऊन थांबलं.

"खाली हाय," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज फाटला. हे पोतं त्याचं होतं, पण हलका राहायच्या धाकानं तो स्वतः महिनाभर नीट जेवला नव्हता.

काकासाहेबांनी काट्याची जीभ बारकाईनं पाहिली. "मूठभर कापसाचा फरक हाय, धर्मा. माळ काढून हातात दे माझ्या. जल्दी कर. एक घडीचा सवाल हाय, मी तुझ्यासमोर धरून उभा राहतो."

धर्मराजच्या छातीवर माळ वरखाली होत होती.

"माळ काढायची असती तर मटनच खाल्लं असतं, मालक," तो म्हणाला. "एवढे हुलगे कशाला चावले असते?" तो पारड्यातून उतरला आणि गर्दीकडं बघून म्हणाला, "न्हावी हाय का रं कुनी?"

झाडाखाली एकजण धोकटी घेऊन बसलाच होता. धर्मराज त्याच्यापुढं बसला. मानेवर रुळणारे केस गेले. शेंडी गेली. वस्तरा मिशीपाशी आला तेव्हा न्हाव्याचा हात थांबला. पिळदार मिशी, कानापर्यंत गेलेली. अशी मिशी माणूस बाप गेल्यावर उतरवतो.

"बाप कवाच गेला," धर्मराज म्हणाला. "चालव."

तो पुन्हा बसला. काटा खाली, वर, खाली. आणि मग उभ्या उभ्या थरथरत राहिला, अगदी सरळ. काकासाहेबांनी कासरा उचलून त्याच्या हातात दिला.

हे चतुराबाईला काहीच माहीत नव्हतं. बायका मैदानात जात नसत. पटाच्या शेवटच्या टोकापलीकडं एका खळ्यात कडब्याची गंज होती, तिच्यावर ती आणि साळूबाई चढून बसल्या होत्या. तिथून मैदान म्हणजे धुळीचा एक पट्टा, आणि त्यात दोन चाकोऱ्या. झेंडी हलली. दोन छकडे सुटले.

"बिजल्या-मोऱ्या मागं हायेत," साळूबाई म्हणाली. मग पुढं वाकून बघत, "चतुरे, त्येंच्यावर टकलं कोन बसलंय गं? मिशीबी दिसंना. कुनाच्या घरचं सुतक घिऊन आलेत पटात?"

चतुराबाईनं पाहिलं. फळीवर एक बोडका, गुळगुळीत, अनोळखी माणूस होता. म्हणजे पोतं जिंकलं. ते सगळं भिजवणं, मोड आणणं, गावाचं बोलणं, एका भाकरीकडं बघत बसलेला तो, सगळं वाळूनं हरवलं होतं. ती खाली उतरायला वळली.

तेवढ्यात मोऱ्या डावीकडं फुटला. लोक ओरडले. फळीवरचा माणूस मागं रेलला, पार आडवा झाला, आणि त्यानं मनगट वळवलं. झटका दिला नाही, नुसतं वळवलं, कुलपात किल्ली फिरवावी तसं. मोऱ्या आत आला. दोन बैलांचा एक बैल झाला. पुढच्या छकड्याच्या चाकाशी, मग जुवाशी, मग त्या बैलांच्या शिंगांशी तो आला. आता छकडे गंजीजवळ आले होते आणि ते हात स्पष्ट दिसत होते, काळे, दोरखंडासारख्या शिरा उठलेले. कितीतरी दिवस तिनं ते रोज एका वाडग्याभोवती धरलेले पाहिले होते.

"सुतक न्हाई ते," ती म्हणाली, आणि उभी राहिली.

शेवटची झेंडी मोऱ्याच्या नाकापुढं पडली. मैदान एका बाजूला कोसळल्यासारखं त्या छकड्याकडं धावलं. गंज पायाखालून सरकत होती, साळूबाई तिचं लुगडं ओढून "बस, पडशील" म्हणत होती, आणि चतुराबाई धुळीत त्या बोडक्या डोक्याला शोधत टाचांवर आणखी उंच होत होती.