सातवा मेजर

नारिन नदीच्या वरच्या अंगाला तोलोगोन राहायचा, आणि त्याच्या पुढे नेहमी एक मेंढा चालायचा. शौचाला जायचं तरी पुढे मेंढा, मागे हा. तरुणपणी दोन वर्षं त्याने अफगाणिस्तानच्या लढाईत सुरुंग शोधले होते. ती लढाई गावात कुणालाच नको होती. पाठवणारं सरकार तर पुढे स्वतःच गडप झालं, त्यामुळे गाऱ्हाणं घालायलाही दार उरलं नाही. भीती तेवढी उरली. मेंढ्याचा खूर पडल्याशिवाय तोलोगोन कुठेही पाऊल टाकत नसे. मेंढ्याचं नाव मेजर. हा सातवा मेजर. लोक हसायचे, पण नवी जमीन घेतली की तिच्यावरून फिरवायला मेजरला हळूच मागून न्यायचे.

त्याची नुरझात नावाची मुलगी सासरी गेली आणि चार महिन्यांनी व्याह्यांचं पहिलं बोलावणं आलं. तोलोगोनने पांढरी उंच टोपी चढवली, बायको बुरुलने कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचं गाठोडं घेतलं आणि वरात निघाली: मेजर, तोलोगोन, बुरुल.

फाटकात व्याही मामासाली उभे होते. मेंढा पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अहो व्याहीबुवा, एवढं कशाला आणलंत!" असं म्हणत त्यांनी मेजरला शिंगांना धरलं आणि कुंपणाबाहेरून थेट मागच्या बाजूला, सुरीकडे धाडलं.

तोलोगोनने आ वासला. भेट नाही म्हणावं तर आपण कंजूष ठरणार. गप्प बसावं तर समोर अंगण, तेही नळासाठी परवाच खणून बुजवलेलं!

"या ना आत!"

"इथे हवा छान आहे," तोलोगोन म्हणाला. गारा पडत होत्या.

"अहो, चला की!" बुरुल मागून कुजबुजली. "लेकीच्या सासरी खांबासारखे काय उभे राहता?"

"मेजर येऊ दे."

"मेजरचं आता कालवण येईल!"

इतक्यात दार उघडलं. बापाला पाहून नुरझात धावत सुटली, सरळ त्या ताज्या मातीवरून.

"थांब! हलू नकोस!" तोलोगोन ओरडला आणि कळायच्या आत स्वतःच पळत सुटला. टोपी उडाली. लेकीला गाठून त्याने तिला पाठीशी ओढलं.

"कच्च्या मातीवरून पळतेस? आधी मी नको का जायला?"

"बाबा, तुम्ही आलातच की," ती म्हणाली.

तोलोगोनने वळून पाहिलं. फाटकापासून तिथवर मातीत त्याच्याच बुटांचे ठसे होते, खुराचा एकही नव्हता. त्याला रडू कोसळलं. लढाईपासूनचं, सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं, आवरायला वेळ लागला.

"अहो, मी येऊ?" फाटकातून बुरुल ओरडली. "की माझ्यासाठी दुसरा मेंढा आणू?"

"ये," तो नाक पुसत म्हणाला, "माझ्या पावलांवर पाय ठेवून ये."