गेंदाबाईला मी सांगितलं नाही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. नर्सिंगची प्रोफेसर म्हणून रिटायर झाले, पण हा अनुभव कधी वर्गात सांगितला नाही. इथे सांगते... हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. केबल टीव्ही नवा नवा आला होता. उज्जैनच्या एका हॉस्पिटलात मी कॅन्सर वॉर्डची सिस्टर होते. तेव्हा पद्धतच अशी, की आजाराचं नाव घरच्यांना सांगायचं, पेशंटला नाही. ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा नवऱ्याची, नाहीतर मुलाची.

खिडकीजवळच्या खाटेवर गेंदाबाई होती — जवळच्याच भैरवगढची, कापडावर रंगाचे ठप्पे मारून छपाई करणारी. रंगानं तळहात कायमचे लाल झालेले. एका दुपारी मी ड्रेसिंग करत होते, आसपास कुणी नव्हतं. तिनं माझा हात धरला.

"सिस्टर, सच बता दो. टाइम कम हो तो घर जाऊँ. बेटी को रंग पकाना सिखाना है."

मी म्हटलं, "मामूली गाँठ है, अम्मा. ठीक होके सिखा देना."

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी ती गेली. आमचं हे बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होती.

तीन महिन्यांनी त्याच खाटेवर देशपांडे काकू आल्या. काका बँकेत. "सिस्टर, हिला कळू देऊ नका हं, खचून जाईल ती," म्हणत त्यांनी सही केली. कागद घेऊन मी वॉर्डात आले. भर दुपार, भेटायची वेळ संपलेली, दारावर चौकीदार.

काकू म्हणाल्या, "अगं, आत्ता इथे बसली होती ती बाई कोण? हात लालभडक. मला म्हणते, 'पूछ लो, अबकी सिस्टर झूठ नहीं बोलेगी.'"

मी तशीच दाराकडे गेले. चौकीदाराला विचारलं — कुणीच आत आलं नव्हतं.

मी स्टूल ओढून बसले आणि काकूंना त्यांचा आजार सांगून टाकला. त्या खूप रडल्या. मग म्हणाल्या, "ऑपरेशन नको. ह्यांना सांग, मला घरी न्या." काका माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. काकू दोन महिने जगल्या, स्वतःच्या घरी.

लाल हातांचं काकूंना वॉर्डातल्या कुणी सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली असती. पण त्या घरी निघाल्या तेव्हा मी विचारलं होतं, "ती बाई आणखी काय म्हणाली?"

"काही नाही गं. मुलीला रंग पकवायला शिकवायचं राहून गेलं, म्हणाली."

पुढे विद्यार्थिनींना सांगत राहिले — आधी पेशंटला विचारा. का, ते नाही सांगितलं.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मला स्वतःला गेंदाबाई कधीच दिसली नाही... दिसली असती तर माफी मागितली असती.