न्हाणीवरचा पत्रा

विमानतळाजवळच्या वस्तीतला आमचा गवळी दूध मापताना आधी हसतो, मग बोलतो. धावपट्टीजवळ कॅमेरावाला ड्रोन दिसल्याची बातमी मी वाचून दाखवली, तर म्हणाला, "आक्का, घार आसंल. लोकास्नी काम न्हाय." मलाही हसू आलं, नवी नवरी असताना पहिलं विमान बघून शेणाच्या पाटीसकट गोठ्यात लपलेली शहाणी मीच!

काल खरवसाचं भांडं परत द्यायला त्याच्या घरी गेले, तर तो उघड्या न्हाणीवर पत्रा ठोकत होता.

"घारीसाठी व्हय रं?" मी चिडवलं.

तो हसला नाही. त्यानं आणखी एक खिळा ठोकला.

"बातमी खोटीच हाय, आक्का. पण लेक चार दिस झालं आंघोळीला जाईना."

आज न्हाणीत शिरताना मी आधी वर पाहिलं. आमच्याकडे तर स्लॅब आहे.