उत्तररंग व्हायचा आहे

माझ्या लाडक्या मुलांनो,

मागच्या रविवारी फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, इथली कॉलेजातली मुलं म्हणतात देव माणसानेच रचलाय. मला धड उत्तर देता येत नाही. काय वाचू?" थोरले, काय वाचायचं ते मी तुझ्या आईला सांगून ठेवलं आहे, सोप्यापासून अवघडापर्यंत, आणि त्याच क्रमाने वाच. पण मग तू आवाज खाली आणून आणखी एक विचारलंस, "तुला कधी अशी शंका आली होती का गं?" त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. आली होती. चांगली घर करून राहिली होती. ती कशी आली आणि पुढे काय झालं, ते जसं घडलं तसं सांगते.

लढाई चालू होती ती वर्षं. नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कैदेत होते आणि भिंगारच्या छावणीत सगळीकडे लष्कराची धामधूम. तुमचे आजोबा छावणीतल्या एका कचेरीत कारकून होते. आमचं लग्न नुकतंच झालेलं. घरात सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी नगरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, पण जिल्ह्यात त्यांचं नाव होतं ते कीर्तनकार म्हणून. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनही इतर कीर्तनांसारखंच होतं. आधी पूर्वरंग, त्यात विषय मांडायचा, अडचणी उभ्या करायच्या. मग मध्ये एक भजन. आणि मग उत्तररंग, त्यात प्रभूची एखादी कथा सांगून त्या अडचणी सोडवायच्या. पूर्वरंग संपला की लोक पाय मोकळे करत, बायका मुलांना पाणी पाजत. कुणी उठून घरी जायला लागलं तर मामंजी बोलायचे नाहीत. डावा हात पुढे करून तळवा दोनदा खाली दाबायचे. बसा, अजून उत्तररंग व्हायचा आहे. लहान पोरंसुद्धा त्या खुणेला बसत.

दर उन्हाळ्यात खेड्यांतल्या बायबलबाया नगरला महिनाभर शिकायला येत. या बहुतेक विधवा बाया. चित्रांची गुंडाळी काखेत घेऊन गावोगाव फिरायचं, ती भिंतीवर टांगून बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. त्या वर्षी मामंजींनी ठरवलं की यांना नुसत्या गोष्टी देऊन भागणार नाही. गावातले लोक आता प्रश्न विचारतात. विश्वासाचं समर्थन कसं करायचं हे त्यांना शिकवलं पाहिजे. या विषयावर मराठीत त्यांच्या कामाचं काही नव्हतं. मामंजींच्या कपाटात जाडजूड इंग्रजी ग्रंथ होते. मी कॉलेजात शिकलेली, म्हणून दुपारी मी ते वाचून त्यातलं सार सांगायची आणि मामंजी ते मराठीत घोळवायचे. ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते.

आणि मामंजींनी वर्गाची आखणी केली ती कीर्तनासारखी. आधी सगळे आक्षेप, एकही न सोडता, विरोधक मांडेल तितक्या जोरात. ते बायांना तोंडपाठ झाले की मग सगळी उत्तरं. जन्मभर कीर्तन केलेल्या माणसाला दुसरी रीत सुचणार कशी? आक्षेपांचा भाग त्यांनी असा काही रंगवला की बाया पदर तोंडाला लावून ऐकायच्या. देवाने जग केलं, तर देवाला कुणी केलं? हा गोऱ्या साहेबांचा देव. साहेब बोटीत बसून गेला की तोही जाईल का? देव प्रेमळ आहे, तर लेकरं का मरतात? हा शेवटचा प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला, बायांकडे वळले, आणि खाली कोसळले. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी धावले तेव्हा त्यांचा डावा हात जमिनीवर आपटत होता.

वर्ग मोडला. बाया आपापल्या गावी गेल्या, सगळे आक्षेप पाठ करून आणि एकही उत्तर न घेता. जाताना पारनेर तालुक्यातली सारजाबाई माझ्यापाशी आली. तिची एकुलती एक मार्था आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, माज्या मार्थीचं उत्तर ऱ्हायलं बघा." मला ते फार लागलं. वाटलं, ही बाई आपल्याला जाब विचारते आहे, आणि तिचा तो हक्कच आहे.

माझी शंका जन्मली ती तेव्हा. तिला ग्रंथांनी जन्म दिला नव्हता. ज्या माणसाने देवाची बाजू मांडण्यासाठी आयुष्य वाहिलं, त्याची जीभ देवाने नेमकी आक्षेप सांगून झाल्यावर आणि उत्तर सांगण्याआधी बांधावी, हे मला कुठल्याच ग्रंथात बसवता येईना. मी मामंजींना भरवत होते, पुसत होते, आणि प्रार्थना मात्र थांबली होती. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या एकदा म्हणाल्या, "तू त्याच्याशी अबोला धरलायस, होय ना? धर. मीही एकदा धरला होता. त्याला त्याची सवय आहे."

त्यातच बातमी आली. पारनेरकडचा एक शाळामास्तर मंडळीच्या पंचांना सांगत आला की सारजाबाई बिघडली. चित्रांची गुंडाळी बाजूला ठेवते आणि चावडीपुढे बसून आपल्याच देवावर आक्षेप घेते. लोक गोळा होऊन ऐकतात. तिचा दीर मंडळीत नव्हता. तो तर म्हणे हसून टाळ्या पिटतो. पंच म्हणाले, तिची गुंडाळी काढून घ्यायची आणि मंडळीच्या वस्तीतली तिची खोलीही. पुढच्या बैठकीत ठराव होणार होता. त्या बाईला दुसरं कुणी नव्हतं. गुंडाळी गेली असती तर ती दिराच्या दारात मोलकरीण झाली असती. मी पंचांना म्हटलं, आधी मला जाऊन येऊ द्या, तिला उत्तरं तरी ऐकू द्या. एक वयस्कर पंच मिशीतल्या मिशीत हसले, "तुम्ही देणार उत्तरं? पाळकसाहेबांची सूनबाई कीर्तनाला उभी राहणार म्हणा की!" पण जा म्हणाले.

तुमच्या आजोबांनी मला मोटारीत बसवून दिलं. पेट्रोल लष्कराला लागायचं म्हणून तेव्हा मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. मागे भट्टी असे, आणि चढ आला की मोटार दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. आमची सुप्याच्या अलीकडे माळावर जी बसली, ती उठेचना. उतारू कुरकुरत पांगले. तेवढ्यात नगरकडे जाणारी एक रिकामी बैलगाडी आली आणि गाडीवान म्हणाला, "चला बाई, छावणीपत्तोर सोडतो." मी पिशवी उचलली. खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं. पिशवीत ग्रंथ होते आणि वहीत लिहिलेली उत्तरं, एकाखाली एक नीट मांडलेली, पण त्यातलं एकही मला आतून पटत नव्हतं. मनात देवाला म्हटलं, तुला मी जायला हवी असते तर मोटार चालली असती. त्याच्याशी बरेच दिवसांनी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही टोमणाच होता.

मी गाडीच्या चाकावर पाय ठेवला, तोच मागून आवाज आला, "अवो बाई! उत्तररंगवाल्या बाई तुमीच का?"

एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात तंबाखू. मी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"न्हाई, सारजाबाई म्हनली हुती, नगरास्नं कुनीतरी येनार हाय उत्तररंग घेऊन. सगळी बसल्यात वाट बगत. तुमच्या पिशवीत बुकं दिसली म्हून इचारलं. मी तिकडंच चाललेय. पायवाटंनं लई लांब न्हाई."

मी कुणालाच येते म्हणून कळवलेलं नव्हतं. कळवायला वेळच नव्हता. गाडीवानाला मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण मी कासारणीच्या मागून चालायला लागले. वाटेत तिने मला तिच्या सुनेच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या आणि माझ्या हातात बांगड्या कमी आहेत म्हणून रागे भरली. पुढे मंडळीत हा प्रसंग सांगितला की लोक म्हणायचे, तो देवदूतच होता. मी म्हणते, ती कासारीण होती आणि वाटभर पचापचा थुंकत होती. देवाला माणसं वापरता येतात. त्याला दर वेळी पंखच लागतात असं नाही.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सारजाबाईने मला पाहिलं, कासारणीला पाहिलं, आणि हात पुसत म्हणाली, "आलात? मी म्हनलंच हुतं." मी तिला बाजूला घेऊन पंचांचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "सारजाबाई, तुम्ही हे काय आरंभलंत? देवावर आक्षेप कशाला घेत बसलात?"

ती म्हणाली, "आक्शेप? अवो, पाळकसाहेबांनी शिकवला तो पूर्वरंग हाय त्यो. लोकांना आधी पूर्वरंग सांगाया नगं? मी रोज सांगते, आन् शेवटी म्हनते, बसा, उत्तररंग व्हायचा हाय, नगरास्नं येनार हाय. शाळामास्तर अर्ध्यातनं उठून गेला, त्याला काय करू?"

"पण साहेब तर कोसळले. उत्तररंग येणार हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच की! पडल्यावर हात न्हाई का केला? असा." आणि तिने डावा हात पुढे करून तळवा दोनदा खाली दाबला. "मी म्होरंच हुते. बसा म्हनले साहेब."

मुलांनो, तो हात मीही पाहिला होता. मी त्याला झटका म्हटलं, डॉक्टरही झटकाच म्हणाले. त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्या क्षणी मारुतीच्या पाराजवळ उभ्या उभ्या माझा अबोला सुटला, एवढं खरं.

चावडीपुढे सगळं गाव होतं. सारजाबाईने एकेक प्रश्न खणखणीत मांडला आणि मी उत्तर देत गेले. देवाला कुणी केलं, यावर मी म्हटलं, "वाफ्यात पाणी पाटातून येतं, पाटात मोटेतून, मोटेत विहिरीतून, विहिरीत झऱ्यातून. कुठेतरी मूळ असतंच ना?" तर सारजाबाईचा दीर मागून ओरडला, "झऱ्याला पाऊस पानी देतो की बाई! तुमच्या बुकात पाऊस न्हाई व्हय?" सगळे हसले. मीही हसले. "मग पावसाला कोण देतं?" "ढग." "ढगाला?" तेव्हा एक म्हातारा त्याला म्हणाला, "गप ऱ्हा आता, समिंदरात बुडवील ती तुला." मी म्हटलं, "समुद्रालाही कुणीतरी भरलं आहे. ज्याला ज्याला दुसऱ्याकडून घ्यावं लागतं, त्याच्या मागे असा कुणीतरी हवा की ज्याला कुणाकडून घ्यावं लागत नाही. त्याला आम्ही देव म्हणतो. त्याला कुणी दिलं हे विचारलंत, तर तुम्ही अजून पाटाबद्दलच बोलताय." दीर मान खाजवत राहिला. साहेबांच्या देवाबद्दल मी सांगितलं की आमचा प्रभू राज्य करणाऱ्यांत जन्मलाच नाही. तो आपल्यासारख्याच परक्याच्या सत्तेखालच्या देशात, सुताराच्या घरी वाढला आणि त्या सत्तेनेच त्याला वधस्तंभावर खिळलं. साहेब गेला तर त्याचं काही अडणार नाही. यावर मात्र कुणी हसलं नाही. ही उत्तरं देता देता मलाच पुन्हा पक्की वाटू लागली, आज तर अधिकच वाटतात. बुद्धीने देवाची वाट पुष्कळ लांबपर्यंत दिसते. आपल्या धर्माला प्रश्नांची भीती नाही.

मग सारजाबाईने शेवटचा प्रश्न विचारला. लेकरं का मरतात? आवाज तोच होता, पण मार्था सगळ्यांच्या डोळ्यांपुढली होती. पिशवीतलं उत्तर मी सांगितलं, ते खोटं नव्हतं. मग ती पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "सारजाबाई, मार्था का गेली हे मला माहीत नाही. साहेबांची वाचा का गेली, तेही नाही. एवढंच माहीत आहे की आमच्या देवाने दुःखाबाहेर उभं राहून उत्तर दिलं नाही; तो आत उतरला, आणि स्वतः मेला, आणि उठला. बाकीचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते त्याच्याकडून यायचं आहे."

तिने गुंडाळीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी तिचा उत्तररंग त्योच करनार. करू दे. मी बसते." आणि तिने स्वतःच भजन धरलं.

मी परत येऊन खरं काय ते सांगितल्यावर पंचांनी ठराव सोडून दिला. सुगी झाल्यावर सारजाबाई नगरला आली आणि मामंजींच्या खाटेपाशी उभी राहून तिने अख्खं कीर्तन म्हटलं, आक्षेप आणि उत्तरं, दिराच्या पावसासकट. मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात खाटेवर ताल धरत होता. मार्थेपाशी आल्यावर ती थांबली. मामंजींनी ताल थांबवला, हात उचलला, आणि तळवा दोनदा खाली दाबला. या वेळी मी अगदी जवळ होते. तो झटका नव्हता.

मामंजी पुन्हा बोलले नाहीत. त्याचं कारण मला आजही कळलेलं नाही, आणि पुढे आणखी काही गोष्टींची कारणं कळली नाहीत. तुमचे आजोबा इतक्या लवकर का गेले, हीसुद्धा त्यातलीच एक. म्हणून थोरले, तू पुस्तकं जरूर वाच, आक्षेप सगळे वाच, न घाबरता वाच, आणि कॉलेजातल्या मुलांना सरळ उत्तरं दे. आणि जिथे उत्तर सापडणार नाही, तिथून उठून जाऊ नकोस. मोटार बंद पडलेल्या माळावर ज्याने माझ्यासाठी कासारीण धाडली, त्याचे उपकार मी रोज सकाळी आठवते. माझा पूर्वरंग आता बहुतेक संपला आहे. पाय मोकळे केले आहेत, पाणी प्यायले आहे, आणि मी माझ्या जागेवर बसून आहे.

तुमची,
आजी